माळी गेल्यानंतरची बाग

कोल्हापूरच्या राजारामपुरीत जुन्या बंगल्यांपुढे अजूनही थोडी मोकळी जागा आढळते. तेथे जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, क्वचित एखादा नारळ असतो आणि त्यांची निगा बहुधा घरातील ज्येष्ठ गृहस्थांनी राखलेली असते. ते गेल्यावर तसबिरीला हार चढतो, पुण्यस्मरणार्थ देणगीही दिली जाते. परंतु बाग हळूहळू सुकत जाते. कोणत्या झाडाला पाणी किती द्यावे, छाटणी केव्हा करावी, हे त्यांच्याखेरीज कोणासच ठाऊक नसते. पतिवियोगाच्या दुःखात पत्नीला ही दुसरी हानीही मुकाट्याने सोसावी लागते.

या संदर्भात बाबा आमटे आणि साधनाताई यांच्या सहजीवनाचे स्मरण उद्बोधक ठरेल. बाबांना जग कुष्ठसेवक म्हणून ओळखते. पण पडीक जमीन हिरवी करणारा माणूस हीही त्यांची तितकीच खरी ओळख होती.

१९४६ साली विवाह झाला, तेव्हा बाबा वरोऱ्यात वकिली करीत होते. साधनाताई नागपूरच्या जुन्या वळणाच्या घुले घराण्यातील. पुढे वकिली सोडून बाबांनी कुष्ठसेवा पत्करली आणि वरोऱ्याजवळ सरकारकडून मिळालेल्या ५० एकर खडकाळ, झाडोऱ्याने भरलेल्या जमिनीवर बिऱ्हाड थाटले. सोबत पत्नी, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला १४ रुपये. कोणत्याही हिशेबात न बसणारे हे भांडवल होते. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

विंचू-सापांच्या त्या माळावर आधी विहीर खोदावी लागली, मग माती तयार करावी लागली. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या हातांना कुदळीची जखम झालेलीही कळत नाही. म्हणून काम करायचे आणि हातही जपायचे, अशी दुहेरी कसरत होती. एवढ्या कष्टाने पिकवलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात मात्र कोणी घेईना. रोगाची भीती मोठी होती. पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक श्रमदानासाठी येऊन राहिले. ते तेथेच पिकलेले अन्न खातात, हे गावाने पाहिले आणि हळूहळू भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले.

या साऱ्या वाटचालीचा आतला वृत्तांत साधनाताईंनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला. त्याला त्यांनी ‘समिधा’ हे नाव दिले. यज्ञाची ज्वाला सर्वांना दिसते, समिधेकडे कोणाचे लक्ष जात नाही. पतीविषयीचे प्रेम आणि स्वतःच्या वाट्याचे कष्ट, दोन्ही या एका शब्दात सामावले आहेत.

मणक्याच्या विकारामुळे बाबांना पुढे बसणे अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच उरले. १९९० पासून सुमारे दशकभर ते नर्मदाकाठी कसरावद येथे राहिले. साधनाताई तेथेही सोबत होत्या. तरीही आनंदवन कोमेजले नाही. बाबांनी कुदळ प्रथमपासूनच इतरांच्या हाती दिली होती आणि पेरणीपासून काढणीपर्यंतचे ज्ञान अनेकांत वाटले होते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता त्यांना आनंदवनाच्याच मातीत विसावा देण्यात आला. त्यानंतर तीन वर्षांनी, ९ जुलै २०११ रोजी साधनाताई निवर्तल्या. बाग मागे राहिली.

आनंदवनाचा व्याप फार मोठा. आपल्या अंगणातील चार कुंड्यांशी त्याची तुलना होणार नाही. परंतु बोध तोच आहे. घरातील माळी हयात असतानाच पत्नीने, सुनेने, नातवंडांनी त्याच्यासोबत अर्धा तास मातीत घालवावा. मोगऱ्याची छाटणी, जास्वंदीवरील किडीचा उपाय, कढीपत्त्याच्या रोपांची लागण हे सारे त्याच्याकडून शिकून घ्यावे. तो गेल्यानंतर बंगल्याच्या जागी इमारत उभी राहणार असेल, तर जास्वंदीच्या फांद्या आणि मोगऱ्याची कलमे आधीच शेजारीपाजारी, आप्तांकडे पोहोचवावीत. पुण्यतिथीच्या दिवशी एखाद्या दुसऱ्या अंगणात त्याचा मोगरा फुललेला असणे, हे त्याच्या पत्नीसाठी तसबिरीवरील हारापेक्षा अधिक सांत्वन देणारे ठरेल.