मनात आलं, पिशवी उचलली!

बीडहून छत्रपती संभाजीनगर साधारण १३० किलोमीटर. गेवराई, मग शहागडला गोदावरीचा पूल, पुढे पाचोड, आडूळ. एसटीने तीन तास धरून चला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात एसटीचं तिकीट अर्धं आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. एकटीने उठून जायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

पहिली गाडी गाठली तर दहाच्या आत उतरता. बीबी का मकबरा आणि पाणचक्की जवळजवळ आहेत, निवांत बघून होतात. वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर. पण मंगळवारी लेणी बंद. अजिंठ्याचा मोह टाळा, शंभर किलोमीटर आणखी पुढे जाऊन रात्री घरी पोहोचणं म्हणजे नुसती दमछाक. मकबऱ्याचा घुमट संगमरवरी, खालच्या बऱ्याचशा भिंती मात्र गिलाव्याच्या. जवळ जाऊन बघा.

१७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वेही सुरू झाली. नवलाई म्हणून जरूर बसा, पण सकाळी जाऊन रात्री परतायचं तर अजून एसटीच बरी.

उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.