आपल्या शहराची जैवविविधता समिती : ती काय करते आणि शाळा तिला काय देऊ शकते?



नागरिकशास्त्राच्या तासाला आपण मुलांना नगरपरिषदेच्या समित्या शिकवतो. स्थायी समिती, पाणीपुरवठा समिती, बांधकाम समिती, शिक्षण समिती... मुलं यादी पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुण मिळवतात. पण या यादीत एक समिती सहसा येत नाही. ती म्हणजे जैवविविधता व्यवस्थापन समिती. गंमत अशी की या समितीत निवडणूक न लढवलेली, तुमच्या-आमच्यासारखी माणसं बसू शकतात. आणि तिच्या मुख्य कामात सातवी-आठवीची मुलंसुद्धा खरीखुरी मदत करू शकतात. कशी, ते आज पाहूया.

ही समिती आली कुठून?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत स्थान मिळालं. त्याच वेळी घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात शहरांनी सांभाळायचे १८ विषय दिले आहेत. त्यातला आठवा विषय आहे नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं संरक्षण. म्हणजे झाडं, ओढे, तळी सांभाळणं हा नगरपरिषदेचा हौसेचा उद्योग नाही, ते तिचं कामच आहे.

त्यानंतर २००२ साली जैविक विविधता कायदा झाला. या कायद्याचं कलम ४१ सांगतं की प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमली पाहिजे. 'प्रत्येक' हा शब्द इथे महत्त्वाचा. मुंबई-पुण्याच्या महापालिका त्यात आल्या, तशी ४० हजारांहून कमी वस्तीची 'क' वर्ग नगरपरिषदही आली आणि लहानशी ग्रामपंचायतही आली. तेव्हा तुमचं शहर कितीही छोटं असो, तिथे ही समिती असायलाच हवी.

समितीत कोण असतं?

२००४ च्या नियमांनुसार एक अध्यक्ष आणि स्थानिक संस्थेने नेमलेले जास्तीत जास्त ६ सदस्य. त्यात किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के सदस्य अनुसूचित जाती-जमातींचे असावेत, असं नियम सांगतो. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता सदस्य ७ पेक्षा कमी नकोत आणि ११ पेक्षा जास्त नकोत.

हे पगाराचं पद नाही. आपला वेळ देऊन करायचं काम आहे. त्यामुळे कोणाला बसवायचं हा प्रश्न फार मोलाचा ठरतो. झाडपाल्याची औषधं जाणणारा वैदू, नदीवर जाळं टाकणारा भोई किंवा कोळी, बियाणं जपणारी शेतकरीण, बाजारात रानभाज्या विकणारी मावशी, जीवशास्त्राचे शिक्षक, पक्षी पाहणारा एखादा छांदिष्ट तरुण, अशी माणसं तिथे असतील तर समितीला डोळे-कान असतात. नुसतीच 'मान्यवर' मंडळी असतील, तर बैठकीत चहा होतो आणि इतिवृत्त लिहिलं जातं. बस्स.

अधिकार किती?

इथे मुलांना खरं सांगायला हवं. ही समिती कोणाला दंड करू शकत नाही. बांधकाम थांबवण्याचा हुकूमही देऊ शकत नाही. झाड तोडायला परवानगी द्यायची की नाही, हे वृक्ष प्राधिकरण ठरवतं, ते वेगळ्या कायद्याखाली चालतं.

मग तिच्या हातात आहे तरी काय? मुख्यतः तीन गोष्टी.

१. तिच्या हद्दीतल्या जैविक संपत्तीच्या वापराबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने आणि राज्य मंडळाने तिचा सल्ला घ्यावा, असं कायदा म्हणतो.

२. कोणी व्यापारासाठी इथली वनस्पती वगैरे गोळा करत असेल, तर समिती त्यावर शुल्क आकारू शकते.

३. लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं. आपल्या हद्दीत कोणती झाडं, प्राणी, पक्षी, मासे, पिकं आहेत, लोक त्यांचा काय उपयोग करतात, त्यांच्याबद्दल काय ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, हे सगळं लोकांना विचारून लिहून ठेवायचं. या नोंदवहीची कल्पना १९९० च्या दशकात पुढे आली, ती पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने.

आता कोणीही विचारेल, नुसती वही लिहून काय होणार?

हळदीची गोष्ट

वर्गात हा प्रश्न आला की हळदीची गोष्ट सांगा. जखमेवर हळद लावायची, हे आपल्याकडे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर.

तिथे 'आमची आजी लावायची' एवढं सांगून भागणार नव्हतं. लेखी पुरावा हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ शोधून काढले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं.

आपण वाचलो, कारण कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं. जे लिहिलंच गेलं नाही त्याचं काय? आपल्या भागातला एखादा वैदू गेला की त्याच्याबरोबर कितीतरी झाडांची ओळखच जाते.

शहरातही हेच घडतं

समजा, शहराच्या कडेने एक ओढा वाहतो. उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात भरलेला. हळूहळू त्यात राडारोडा पडतो, मग कचरा पडतो, लोक त्याला 'नाला' म्हणू लागतात. एके दिवशी तो बुजवून वर काहीतरी उभं राहतं. कोणी तक्रार केली तर उत्तर येतं, 'इथे होतं काय? घाणच तर होती!' आणि खरंच, तिथे काय होतं हे सांगणारा एकही कागद नसतो. पुढे जोराचा पाऊस झाला की पाणी आपली जुनी वाट शोधत लोकांच्या घरात शिरतं.

त्या ओढ्याची नोंद वहीत असती, म्हणजे तारीख, छायाचित्र, काठावरच्या झाडांची नावं, तिथे दिसलेले खंड्या आणि बगळे, पावसाळ्यात चढणारे मासे, तर समितीला तो कागद नगरपरिषदेसमोर ठेवता आला असता. हुकूम नसला तरी पुरावा हातात असता. पुरावा समोर असताना 'इथे काहीच नव्हतं' म्हणणं अवघड जातं.

आधी नोंद, मग संरक्षण, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण सिंधुदुर्गात आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ, मंदिराच्या कुंडात एक छोटा मासा राहतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी तो नवी प्रजाती म्हणून नोंदवला आणि नदीवरूनच त्याचं नाव ठेवलं. २०२१ साली ती सुमारे २ हेक्टर जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथल्या रानजायफळांच्या दलदलीलाही त्याच वर्षी हा दर्जा मिळाला. ती देवराई म्हणून गावाने आधीपासूनच जपली होती.

शाळेसाठी उपक्रम : चार आठवड्यांचा

पहिला आठवडा, नावांचा शोध. मुलांना आपल्या भागातली जागांची नावं गोळा करायला सांगा. वडाचा नाका, चिंचबन, आमराई, पिंपळपार, तळेगल्ली. त्या नाक्यावर वड आहे का? तळेगल्लीत तळं राहिलंय का? जुनी नावं म्हणजे नोंदवहीचं पहिलं पान.

दुसरा आठवडा, झाडांची मोजणी. शाळेजवळची दहा मोठी झाडं निवडा. जमिनीपासून छातीच्या उंचीवर दोरीने घेर मोजायचा. घेर भागिले ३.१४ केलं की खोडाचा व्यास मिळतो. ३१४ सेंटिमीटर घेराच्या वडाचा व्यास झाला १०० सेंटिमीटर. वर्तुळाचा परीघ मुलं याने कधीच विसरत नाहीत. जोडीला एक माहिती द्या. वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' मानलं जातं. आणि परवानगीने झाड तोडलं, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. ६० वर्षांच्या एका चिंचेच्या बदल्यात ६० झाडं!

तिसरा आठवडा, बाजार. श्रावणाच्या आसपास बाजारात फेरी मारा. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, फोडशी. विकणाऱ्या मावशींना विचारा, ही कुठून आणता? पूर्वी जवळ मिळायची का? शिजवताना काय काळजी घ्यायची? शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खवखवतो, हेही ज्ञानच.

चौथा आठवडा, आजी-आजोबांची मुलाखत. 'तुमच्या लहानपणी इथे काय दिसायचं, जे आता दिसत नाही?' एवढा एकच प्रश्न पुरे. सांगणाऱ्याचं वय आणि तारीख मात्र लिहायची.

काही पथ्यं पाळा. प्राणी-पक्षी पकडायचे नाहीत, घरटी हलवायची नाहीत. वैदूंची कृती त्यांच्या परवानगीशिवाय लिहायची नाही. ते ज्ञान त्यांचं आहे, आणि सांगायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा सगळीकडे जाहीर करायची नाही.

समिती कागदावर आहे की कामावर?

कायदा २००२ चा, पण बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं समित्या झाल्याच नाहीत. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेलं. ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरली. नंतर चुकणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असं सांगितलं गेलं. मग मात्र धावपळ झाली. आज देशात अडीच लाखांहून जास्त समित्या आहेत. आकडा मोठा आहे, पण मुदतीच्या धाकाने घाईत भरलेली वही आणि लोकांना विचारून लिहिलेली वही यांत फरक असतोच.

तो ओळखण्यासाठी नगरपरिषदेत जाऊन एवढं विचारा :

• समितीचे सदस्य कोण आहेत?
• शेवटची बैठक कधी झाली?
• नोंदवही पाहायला मिळेल का?
• तिच्यात शेवटची भर कधी घातली?

तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. साधा अर्ज, १० रुपये शुल्क आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर. नववी-दहावीच्या मुलांना अर्जलेखनाचा सराव यानिमित्ताने होईल, आणि तो अर्ज खरोखर कोणीतरी वाचेल!

पालकांनो, तुमच्यापैकी कोणाला झाडांची, पक्ष्यांची, शेतीची जाण असेल, तर समितीच्या पुढच्या नेमणुकीच्या वेळी आपलं नाव जरूर सुचवा. आणि शिक्षकांनो, मुलांनी गोळा केलेल्या नोंदी प्रदर्शन झाल्यावर कपाटात टाकू नका. त्यांची एक प्रत मुख्याध्यापकांच्या पत्रासह समितीकडे पाठवा, पोच घ्या आणि ती पोच वर्गात लावा. आपण मोजलेला वड शहराच्या वहीत चढला, हे मुलांना कळू द्या.