वेरूळच्या राणीची भेट

निवृत्त मनुष्याने प्रवास करावा तो तीर्थक्षेत्रांचा, असा आमच्या घरातील संकेत आहे. सबब, "जुनी विमाने पाहण्यास गोव्यास जातो," असे गेल्या पौषात आम्ही जाहीर केले, तेव्हा घरातील मंडळींस ती थट्टाच वाटली. चिंचवडात मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापलीकडे सहसा पाऊल न टाकणारे आमचे थोरले बंधूही बरोबर येणार, हे कळल्यावर तर माजघरातून उघडच हसू ऐकू आले. तथापि या प्रवासात आम्हांस जे गवसले, ते पुष्कळ यात्रांत गवसले नव्हते. म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

या प्रवासाचे मूळ दूर ऑस्ट्रेलियात आहे. आमचा पुतण्या तेथे ब्रिस्बेन शहरी नोकरीस असतो. गेल्या वर्षी तो आपल्या बारा वर्षांच्या मुलास घेऊन लाँगरीच नावाच्या गावी गेला. ब्रिस्बेनपासून हजार किलोमीटरहून अधिक आत, गवताळ माळ, मेंढरे व गुरे यांच्या मुलखातले हे लहानसे गाव. परंतु १९२० साली स्थापन झालेल्या 'क्वांटास' या विमान कंपनीचे बालपण याच गावात गेले. त्या ऋणाची आठवण म्हणून तेथे एक संग्रहालय उभारले आहे. २००२ साली 'सिटी ऑफ बनबरी' नावाचे निवृत्त जंबो विमान आपल्याच पंखांनी उडत येऊन त्या गावच्या धावपट्टीवर उतरले आणि कायमचे तेथेच राहिले. लांबी सत्तर मीटर, शेपूट सहा मजली इमारतीच्या उंचीचे! लोक त्याच्या पोटात शिरतात, वैमानिकाची बैठक पाहतात, एवढेच नव्हे तर कमरेस पट्टा बांधून त्याच्या पंखावर चालतात. शेजारी मनिलाच्या विमानतळावर अनेक वर्षे कुजत पडलेले एक सुपर कॉन्स्टेलेशन विमान आहे. ते सुटे करून जहाजाने आणले आणि डागडुजी करून पुन्हा उभे केले.

जंबोच्या पंखावर उभ्या असलेल्या आमच्या नातवाचे छायाचित्र आले, आणि पाठोपाठ फोनवर त्याचा प्रश्न आला : "आजोबा, आपला जंबो कुठे ठेवलाय?"

पस्तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाने निरुत्तर केले. कारण आपले जंबो आम्हांस चांगले आठवतात. १९७१ च्या एप्रिलात एअर-इंडियाचा पहिला जंबो, 'सम्राट अशोक', मुंबईस उतरला, तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांप्रमाणे कमानी रंगविलेल्या त्या विमानाचे वर्तमानपत्रातील चित्र आम्ही कापून वहीत चिकटविले होते. पुढे विक्रमादित्य, अकबर, चंद्रगुप्त, कृष्णदेवराय असे सम्राटांमागून सम्राट आले. एका जंबोस 'शिवाजी' हे नावही लाभले. यांपैकी 'अशोक' १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्यासमोर समुद्रात कोसळला व २१३ माणसे गेली. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' बाँबस्फोटाने अटलांटिक महासागरावर फुटला व ३२९ माणसे गेली. उरलेले यथाकाल निवृत्त झाले. शेवटच्या जंबोंची प्रवासी वाहतूक २०२१ साली थांबली, आणि २२ एप्रिल २०२४ रोजी 'आग्रा' नावाचा जंबो मुंबईहून अमेरिकेस निघून गेला. जाताना वैमानिकाने पंख डावीउजवीकडे झुकवून मुंबईचा निरोप घेतला. तो गेला तो सुटे भाग काढून घेण्यासाठी विकला जाऊन. नातवास हात धरून दाखवावा असा जंबो आमच्या जवळपास कोठेच उरला नाही.

मग आम्हांस गोव्यातील राणीची आठवण झाली. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळ्याच्या वाटेवर, भारतीय नौदलाचे विमानसंग्रहालय १९९८ सालापासून आहे. तेथे जंबो नाही. परंतु जंबोच्या आधीच्या पिढीत जे विमान साऱ्या जगात महाराणीप्रमाणे मिरवीत असे, ते सुपर कॉन्स्टेलेशन आहे, व ते आपल्या एअर-इंडियाचेच आहे. त्याचे मूळ नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपली वेरूळची राणी. नातू सुटीत आला, तेव्हा त्याला तेथे न्यावयाचे ठरले. बंधू येतील अशी अपेक्षा नव्हती. पण नातवाने त्यांचा हात सोडला नाही.

बंधूंविषयी येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. ते आमच्याहून सात वर्षांनी मोठे. वडील लवकर वारले. तेव्हा बंधूंनी पुढील शिक्षणाचा नाद सोडून चिंचवडच्या एका कारखान्यात उमेदवारी पत्करली व पुढे अडतीस वर्षे तेथे इंजिन-फिटर म्हणून काम केले. त्यांच्या पगारावर आम्ही मॅट्रिक झालो आणि पाठशाळेत राहून संस्कृत शिकलो. पुढे आम्ही 'मास्तर' झालो; लोक वाकून नमस्कार करू लागले. बंधूंच्या नखांतील तेल मात्र कधी पुरते निघाले नाही. एकदा आमच्या शाळेतील काही प्रतिष्ठित मंडळी घरी आली असता त्यांनी विचारले, "थोरले काय करतात?" आम्ही "कारखान्यात असतात," एवढे म्हणून विषय बदलला. बंधू दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. निवृत्तीनंतर ते बोलेनासे झाले. ओट्यावर बसून राहत. त्यांच्या हत्यारांची लोखंडी पेटी जिन्याखाली गंजत होती. दिवाळीच्या झाडलोटीत ती भंगारात द्यावी अशी सूचना आली. ती करणारे आम्हीच होतो.

असो. चिंचवडहून लोकलने पुणे व तेथून गोवा एक्स्प्रेस असा आमचा मार्ग होता. गाडीत नातवाने सुपर कॉन्स्टेलेशनविषयीचे एक इंग्रजी पुस्तक काढून आजोबांस मोठ्याने वाचून दाखविले. दूधसागर अंधारातच मागे पडला. सकाळी वास्कोस उतरून, स्नान-न्याहारी आटोपून आम्ही संग्रहालय गाठले.

उघड्या आवारात ओळीने विमाने मांडलेली आहेत. 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून १९७१ च्या युद्धात उडालेल्या जातींची सीहॉक व अलिझे ही विमाने येथे आहेत. पाण्यावर उतरू शकणारे सीलँड आहे. उभ्याने उतरणारे सी हॅरियर आहे. परंतु आवारात शिरताच दृष्टी जाते ती राणीकडेच. माशासारखे डौलदार वाकलेले अंग, उंच बारीक पाय, आणि एका शेपटीऐवजी तीन शेपट्या! जुन्या विमानघरांच्या दारातून आत जाता यावे म्हणून एक उंच शेपूट न ठेवता तीन ठेंगण्या केल्या, असे सांगतात.

राणीचे आयुष्य तीन आश्रमांत गेले. १९५४ पासून एअर-इंडियाने सुपर कॉन्स्टेलेशन विमाने आणली. त्यांतील हे एक. समुद्रापलीकडे प्रवासी नेणे हा पहिला आश्रम. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, आणि दोन वर्षांत पंख्यांच्या राण्यांस एअर-इंडियात काम उरले नाही. तेव्हा ही हवाई दलाकडे गेली. १९७६ साली समुद्रावरील टेहळणीचे काम नौदलाकडे आले, त्याबरोबर राणीही नौदलात आली. आज तिच्या अंगावर नौदलाचा ३१५ हा क्रमांक आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिने शेवटचे उड्डाण केले.

या कुळाची एक कथा आम्ही नातवास पंखाच्या सावलीत बसून सांगितली. राणीच्या थोरल्या पिढीतील 'काश्मीर प्रिन्सेस' हे एअर-इंडियाचे कॉन्स्टेलेशन ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंगच्या परिषदेचे प्रतिनिधी घेऊन हाँगकाँगहून निघाले. कोणी घातपात्याने विमानात बाँब ठेविला होता. तो दक्षिण चीन समुद्रावर फुटला. कप्तान दामोदर काशिनाथ जठार यांनी जळते विमान समुद्रावर उतरविण्याची शर्थ केली. त्यात ते गेले. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. एकोणीस जणांपैकी तिघेच वाचले. त्यांत विमानाची देखभाल करणारे अभियंते अनंत श्रीधर कर्णिक होते. या अपघाताची हकिकत त्यांनीच पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

इतका वेळ मुकाट बसलेले बंधू एकदम म्हणाले, "कर्णिक म्हणजे आमच्यातला माणूस. हातात पाना धरणारा."

ते उठले आणि राणीच्या इंजिनासमोर जाऊन उभे राहिले. नातू मागोमाग गेला व पुस्तकातील माहिती घडाघडा बोलू लागला : अठरा सिलिंडर, सव्वातीन हजार अश्वशक्ती, टर्बो-कंपाउंड. बंधूंनी त्याला थांबविले.

"टर्बो-कंपाउंड म्हणजे काय रे?"

नातू गप्प झाला. शब्द त्याला ठाऊक होता. वस्तू ठाऊक नव्हती.

"हे बघ. पुढे नऊ सिलिंडरांचं एक कडं, त्याच्यामागे नऊंचं दुसरं. पुढच्यांना वारा लागतो, मागच्यांना नाही. मागचे तापतात. तेव्हा मागच्यांची काळजी जास्त. आता, जळलेला वायू बाहेर पडतो ना, त्यात पुष्कळ जोर असतो. तो फुकट जातो. आमच्या डिझेल इंजिनांत काय करायचे, त्या वायूच्या वाटेवर एक चाकी बसवायची. चाकी फिरली, की ती ताजी हवा आत दाबते. इथे तू काल वाचलंस त्यात निराळं आहे. सहा सिलिंडरांना एक, अशा तीन चाक्या. आणि त्या हवा दाबत नाहीत, सरळ क्रँकलाच हातभार लावतात. म्हणजे जे धुराड्यातून जायचं, ते पुन्हा कामाला लावलं."

"हे तुम्हांला कसं कळलं, आजोबा?"

"तू वाचत होतास, मी मनात जोडत होतो. आणि हे बघ, एका सिलिंडरला दोन प्लग. अठराला किती?"

"छत्तीस."

"चार इंजिनांना?"

"एकशे चव्वेचाळीस."

"एकशे चव्वेचाळीस वेळा कुणीतरी हात घालून प्लग काढायचा, पुसायचा, फट मोजायची, परत बसवायचा. त्यातला एक चुकला, तर वर बसलेल्यांना कळायचंसुद्धा नाही काय झालं ते. वैमानिकाचं नाव छापून येतं. हे हात कुणाचे, ते येत नाही."

हे ते नातवास म्हणाले. पण ऐकणारे आम्हीही होतो.

बंधूंस इतके बोलताना आम्ही कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. शाळेतील चार गावची मुले बाजूस उभी राहून ऐकू लागली होती. त्यांच्या बाईही ऐकत होत्या. डोक्यावरून एक नवे विमान दाबोळीस उतरले, तेव्हा त्याच्या आवाजाने बंधू थांबले, आणि तो विरताच जेथे थांबले होते तेथूनच पुढे बोलू लागले. आम्ही जन्मभर वर्गात उभे राहून शिकविले. इतका चांगला पाठ आमच्या हातून क्वचितच झाला असेल. त्या संध्याकाळी धर्मशाळेच्या गच्चीवर आम्ही बंधूंपाशी त्या जुन्या प्रसंगाचा, पाण्याच्या तांब्याचा, उल्लेख केला व क्षमा मागितली. ते म्हणाले, "आठवतं मला," आणि थोड्या वेळाने, "पेटी द्यायची नाही हं भंगारात."

आता वाचकांशी थोडे बोलावयाचे आहे. 'निवृत्त' या शब्दाचा धातुगत अर्थ 'मागे वळलेला, परतलेला' असा आहे. 'निकामी' असा नव्हे. परतलेल्यास घरात जागा द्यावी, ही आपली रीत. आम्ही चिंचवडकरांनी चापेकरांचा वाडा स्मारक म्हणून राखला आहे, आणि ते योग्यच झाले. माणसांची स्मारके आपण करतो. हत्यारांचीही आपण पूजा करतो. खंडेनवमीस आमच्या गावातील कारखान्यांत यंत्रांस झेंडूच्या माळा पडतात, कुंकू लागते. परंतु तेच यंत्र थकले, की माळेची फुले सुकण्याआधी भंगाराच्या गाडीत जाते, आणि ते चालविणारा मनुष्य ओट्यावर जाऊन बसतो. यंत्र गेले तर चित्र तरी उरते. त्या माणसाच्या हातातील विद्या मात्र त्याच्याबरोबर जाते, कारण ती कोणत्याही ग्रंथात उतरलेली नसते. लाँगरीचच्या लोकांनी माळावर जंबो ठेवला, म्हणून आमचा नातू त्याच्या पंखावर उभा राहू शकला. नौदलाने राणी ठेवली, म्हणून आमच्या बंधूंच्या तोंडून अडतीस वर्षांची विद्या बाहेर पडली. सर्वच जुने राखता येत नाही, जागा व पैसा यांस मर्यादा आहेत, हे आम्हांसही कळते. पण प्रत्येक जातीचे एक तरी राखावे, आणि त्याच्यापाशी ते जाणणारा एक मनुष्य बसवावा.

गोव्यास जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्रकिनाऱ्यावरील एक सकाळ वाचवून राणीस अवश्य भेटावे. संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात असू द्यावे. आणि घरात कोणी निवृत्त फिटर, सुतार, कंपॉझिटर अथवा रेल्वेतील मनुष्य असेल, तर त्यास बरोबर न्यावे. मुलांस प्रथम त्याच्या हाती सोपवावे व आपण मागे उभे राहावे.

चिंचवडास परतल्यावर जिन्याखालची पेटी ओट्यावर आली. तीन दिवस आजोबा व नातू घासलेटात फडकी बुडवून गंज काढीत बसले होते. नातू निघाला त्या दिवशी बंधूंनी आपली फिलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पोलादी पात्यांची जुडी, त्याच्या सामानात घातली. ती हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत ठेव, नाही तर विमानतळावर काढून घेतील, एवढे मात्र त्यांनी त्यास दोनदा बजावले.