पू न होणारी जखम

जखमेत पू झाला की आपण काळजी करतो. परंतु जंतू शिरूनही पू न होणे ही त्याहून मोठ्या धोक्याची खूण असू शकते. असे का, ते पाहू.

पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. एरवी त्या रक्ताबरोबर वाहत असतात. जखमेपाशी पोहोचण्यासाठी त्यांना रक्तवाहिनीत थांबून भिंतीतून बाहेर पडावे लागते. हे सांगताना आम्ही धामणगाव रेल्वे स्थानकाचा दाखला देतो. मुंबई-नागपूर मार्गावरील कित्येक गाड्या येथे थांबत नाहीत. उतरायचे तर गाडी आधी मंदावली पाहिजे, मग थांबली पाहिजे. पांढऱ्या पेशीचेही तसेच. भिंतीवरील सिलेक्टिन प्रथिनांमुळे ती मंदावते व घरंगळू लागते. नंतर तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन प्रथिने भिंतीला घट्ट धरतात आणि ती थांबते.

या इंटिग्रिनांचा आवश्यक घटक म्हणजे सीडी-१८ हे प्रथिन. ते तयार करण्याची माहिती २१व्या गुणसूत्रावरील आयटीजीबी-२ या जनुकात असते. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर पेशी मंदावते, पण थांबत नाही. रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी, जखमेत मात्र वानवा!

पहिली खूण बहुधा बेंबीपाशी दिसते. बाळाची नाळ साधारणपणे एक-दोन आठवड्यांत गळते. त्यालाही पांढऱ्या पेशी लागतात. या आजारात ती तीन-चार आठवड्यांनीही गळत नाही आणि बेंबी सुजते. नाळ उशिरा गळणाऱ्या प्रत्येक बाळाला हा आजार असतो असे नाही. पण डॉक्टरांना दाखवावे. पेशींवरील सीडी-१८ मोजून निदान होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा भारतीय बालकांच्या जनुकदोषांचा अभ्यास झाला आहे. आजार तीव्र असल्यास अस्थिमज्जारोपण हाच मुख्य उपाय. तो न झाल्यास पुष्कळ बाळे लहानपणीच दगावतात.

आईवडील मात्र निरोगी असतात. दोघांकडेही एकेक सदोष प्रत असली, तर प्रत्येक खेपेस बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यातील लग्नांत दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. मेंडेलचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. दोष सुनेच्या पायगुणाचा नाही, हे मुलांना फळ्यावरच्या चार चौकटींतून कळेल.