खडू विद्यार्थ्याच्या हाती
कॉलेजात गणिताच्या तासाला मुलांचे गट पाडून प्रश्न सोडवायला द्यावेत, असं कुणी सुचवलं की स्टाफरूममधून पहिला सवाल येतो: मग पोर्शन कधी संपवायचा? पाठोपाठ दुसरा शेरा: हे शाळेत ठीक, एप्सिलॉन-डेल्टासारखं काटेकोर गणित असं कळत नसतं.

या शेऱ्याला इतिहास साथ देत नाही. गणितज्ञ आर. एल. मूर 1920 ते 1969 टेक्सास विद्यापीठात होते. त्यांच्या वर्गात व्याख्यान जवळजवळ नसायचंच. ते प्रमेय सांगत. सिद्धता विद्यार्थ्यांनी शोधून फळ्यावर मांडायची. पुस्तक उघडायलाही बंदी! (याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गाची दारं बंद ठेवली, हेही विसरू नये.) आपल्याकडे एस. कुमारेसन यांनी 1993मध्ये सुरू केलेल्या 'एमटीटीएस' या गणिताच्या उन्हाळी प्रशिक्षणातही भर प्रश्नोत्तरांवरच असतो.

पोर्शनची काळजी मात्र खरी. एखादा घटक मागे पडू शकतो. पण शिकवून झालेलं मुलांना येतंच, हे कुणी ठरवलं? फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात कॅल्क्युलसच्या 811 विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन प्रकारच्या वर्गांत वाटलं गेलं: व्याख्यानाचे आणि मुलांनीच प्रश्न सोडवण्याचे, म्हणजे कृतिशील. 2023मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: कृतिशील वर्गांत उत्तीर्णांचं प्रमाण 11 टक्के-अंकांनी जास्त. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या 225 अभ्यासांचा 2014चा आढावाही तेच सांगतो. व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे 34 टक्के नापास, कृतिशील वर्गांत 22.

कृतिशील वर्गासाठी व्याख्यान हद्दपार करावं लागतं, हाही गैरसमजच. त्या आढाव्यात मधूनमधून एखादा प्रश्न गटात सोडवायला देणारे वर्गही होते.

'मुलांनाच असा तास आवडत नाही,' या तक्रारीत मात्र तथ्य आहे. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा 2019चा अभ्यास मजेशीर आहे. कृतिशील तासानंतर मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं. चाचणीत गुण मात्र जास्त पडले. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, घरी वही उघडली की गाडी अडते.

आणि समर्थकांचाही एक गैरसमज: गट पाडले की सगळ्यांचं आपोआप भलं होतं. अमूर्त बीजगणिताच्या शोधाधारित वर्गांवरचा 2020चा अमेरिकी अभ्यास वेगळंच दाखवतो. तिथे मुलग्यांची कामगिरी मुलींपेक्षा सरस ठरली. तुलनेला घेतलेल्या इतर वर्गांत ही तफावत नव्हती. गटात कोण बोलतंय, कोण नुसतं उतरवून घेतंय, यावर प्राध्यापकांनाच नजर ठेवावी लागते.