माशी जेव्हा मासा झाली

जेलीफिश, स्टारफिश, कटलफिश, सिल्व्हरफिश, क्रेफिश. सांगा बघू, यांतले खरे मासे किती?

एकही नाही! नावात ‘फिश’ मिरवणारे हे पाचही जण तोतये आहेत.

मासा म्हणायचं तर पाठीचा कणा हवा, श्वास घ्यायला कल्ले हवेत, पोहायला बहुधा परही हवेत. जेलीफिशकडे कणा सोडाच, मेंदू आणि हृदयसुद्धा नाही. तिचं अंग जवळजवळ 95 टक्के पाणीच. स्टारफिशच्या अंगात रक्ताऐवजी समुद्राचं पाणी खेळतं. त्या पाण्याच्या दाबावर ती शेकडो इवल्या नळ्यांसारखे पाय हलवते. तिची जेवणाची तऱ्हा तर विचारूच नका. शिंपला थोडासा उघडला, की ती स्वतःचं पोटच तोंडातून बाहेर काढून फटीतून आत सारते. तिथंच जेवण पचवायचं आणि पोट परत आत!

सिल्व्हरफिश पाण्यात राहतच नाही. ती तुमच्या घरात असेल, जुन्या पुस्तकांत. पुस्तकांना लागणारी चंदेरी, वळवळणारी कसर म्हणजेच ही. हा बिनपंखांचा कीटक कागद आणि खळ खाऊन जगतो.

माझा लाडका तोतया मात्र कटलफिश. तो आपल्या कोकणातल्या माकुलांचा भाऊबंद. त्याला हृदयं तीन, आणि रक्त हिरवट निळं, कारण आपल्या रक्तात लोह असतं तसं त्याच्यात तांबं. क्षणात अंगाचा रंग बदलून तो वाळूत दिसेनासा होतो. गंमत म्हणजे, त्याला स्वतःला रंग ओळखता येत नाहीत, असं शास्त्रज्ञांना आढळलंय! किनाऱ्यावर कधी कधी पांढरा, हलका, लांबट तुकडा सापडतो ना? आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात तो ‘समुद्रफेन’ म्हणून मिळतो. तो फेस नव्हे, कटलफिशच्या अंगातलं कवच आहे. त्यातल्या बारीक कप्प्यांत हवा आणि पाणी कमीजास्त करून तो वर-खाली होतो.

मग हे सगळे ‘फिश’ झाले कसे? जुन्या इंग्रजीत पाण्यात राहणारा जवळपास कुठलाही प्राणी ‘फिश’च असायचा. कल्ले, कणा मोजत बसायला वेळ कुणाला होता? बिचाऱ्या सिल्व्हरफिशला ते नाव चिकटलं तिच्या चंदेरी खवल्यांमुळे आणि वळवळीमुळे. क्रेफिशची गोष्ट आणखी निराळी. हा गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडीसारखा प्राणी. त्याच्या जुन्या फ्रेंच नावाचा शेवट इंग्रजांच्या कानाला ‘फिश’सारखा लागला, झालं! रेल्वेचे रूळ जोडणाऱ्या लोखंडी ‘फिशप्लेट’चाही माशाशी संबंध नाही. पक्कं बसवणं अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव आलं असावं, असं जाणकार म्हणतात.

नावापायी भांडण थेट कोर्टातही गेलंय. 1818 साली न्यूयॉर्कमध्ये नियम होता, की माशाचं तेल सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यायचं आणि त्याची फी भरायची. सॅम्युएल जड नावाच्या व्यापाऱ्यानं व्हेलच्या तेलाची तीन पिंपं तपासणीशिवाय घेतली. व्हेल मुळी मासाच नाही, मग फी कसली, असं त्याचं म्हणणं. सॅम्युएल मिचिल हे नामांकित शास्त्रज्ञ त्याच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले. व्हेल फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, म्हणून तो सस्तन प्राणी. शास्त्रज्ञ लिनियसनं हे 1758 मध्येच लिहून ठेवलं होतं. तरी ज्युरीनं निकाल दिला, व्हेल मासाच! जडला 75 डॉलर मोजावे लागले. इंग्रजांना फार हसू नका हं. आपणही व्हेलला देवमासा म्हणतो. उलट समुद्रघोडा मात्र चक्क कल्ले असलेला, अस्सल मासा आहे.

सगळ्यात भन्नाट खटला मात्र अगदी अलीकडचा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातला. बंबलबी म्हणजे मधमाशीच्या कुळातली गुबगुबीत, केसाळ माशी. तिच्या चार जाती नाहीशा होऊ लागल्या होत्या. त्यांना कायद्याचं संरक्षण द्यायचं ठरलं आणि इथंच माशी शिंकली! राज्याच्या त्या कायद्यात पक्षी होते, सस्तन प्राणी होते, मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, झाडंझुडपंसुद्धा होती. कीटकांचं नावच नव्हतं. या संरक्षणाला विरोध असलेल्या बदामाच्या बागायतदारांनी तोच मुद्दा धरला. मग बंबलबीच्या बाजूच्या वकिलांनी दुसरं पान उघडलं. तिथं ‘फिश’ या शब्दाची व्याख्या होती आणि तिच्यात पाठीचा कणा नसलेले प्राणीही घातलेले होते. जमिनीवरच्या एका गोगलगायीला याच वाटेनं आधी संरक्षण मिळालंही होतं. बंबलबीला कुठाय कणा? 2022 मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, या कायद्यापुरती बंबलबी ‘फिश’ धरायला हरकत नाही. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल पुन्हा तपासायला नकार दिला.