सुधाकराची भाषा

नाटकातील आक्रमक पात्र म्हटले की शेक्सपिअर शिकलेल्या विद्यार्थ्यास 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील टिबाल्ट आठवतो. तो फार बोलत नाही. पण पहिल्याच प्रवेशात, शांततेचा शब्ददेखील आपणांस तिरस्करणीय वाटतो, असे सांगून मोकळा होतो. त्याचे बोलणे म्हणजे आव्हान. आणि अखेरपर्यंत ते तसेच राहते. असे पात्र ओळखणे सोपे असते. कठीण असते ते सुधाकरासारखे पात्र.

'एकच प्याला' हे राम गणेश गडकऱ्यांचे नाटक फेब्रुवारी १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी महिनाभरच, २३ जानेवारीस, गडकरी निवर्तले होते. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू यांनी महाराष्ट्राला रडविले. तेव्हापासून या नाटकाची ओळख 'दारूचे दुष्परिणाम दाखविणारे नाटक' अशी झाली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. सुधाकराची आक्रमकता दारूने निर्माण केली काय? त्याची भाषा नीट ऐकली तर उत्तर निराळे येते.

सुधाकर गरिबीतून केवळ बुद्धीच्या बळावर वर आलेला वकील आहे. अशा माणसाचा स्वाभिमान जितका तेजस्वी, तितकाच हळवा असतो. न्यायालयात खटका उडतो, त्याची सनद काही काळासाठी जाते, आणि हा अपमान विसरण्यासाठी तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. येथे क्रम लक्षात घ्यावा: आधी दुखावलेला अहंकार, त्यातून आलेला तडकपणा, आणि मग दारू. प्याल्याने आग लावली नाही. तिच्यात तेल ओतले.

हाच क्रम पुढेही दिसतो. मद्यपी कोणकोणत्या अवस्थांतून जातो हे सुधाकर रामलालला समजावून सांगतो, तेव्हा त्याची भाषा विलक्षण स्वच्छ आहे. मुद्दा, दृष्टांत, निष्कर्ष अशी ती वकिली मांडणी. बुद्धी शाबूत असूनही माणूस सुटत नाही, हे या प्रवेशाचे कारुण्य. पुढे तो व्यसन सोडून नोकरी शोधू लागतो, तेथे प्रतिष्ठितांकडून अवहेलना पदरी येते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पुन्हा आधी अपमान, मागून दारू.

आता घरातली भाषा पाहा. बाहेर ज्यांनी मान दुखावला त्यांना उत्तर देण्याचे सामर्थ्य सुधाकरापाशी उरलेले नाही. म्हणून ते उत्तर सिंधूला ऐकावे लागते. न्यायालयात उलटतपासणीच्या प्रश्नाला निदान उत्तराची अपेक्षा असते. घरातल्या प्रश्नाला ती नसते. आरोप आधीच सिद्ध धरलेला असतो. पत्नीच्या शीलावर संशय घेईपर्यंत मजल जाते. संवाद संपतो, आज्ञा आणि आरोप उरतात. आणि शब्द संपले की हात उठतो. मूल दगावते, सिंधूही जाते. शेवटच्या हिंसेकडे नेणारी वाट शब्दांनीच तयार झालेली असते.

याउलट सिंधूची भाषा अखेरपर्यंत आदराचीच राहते. मरतेवेळी ती पतीला वाचविण्यासाठी पोलिसांना खोटे सांगते. पूर्वीच्या प्रेक्षकांनी याला पातिव्रत्याचा कळस मानले. आज वर्गात हा प्रवेश शिकविताना विद्यार्थिनी विचारतात, "सर, ती एकदाही 'पुरे' का म्हणत नाही?" हा प्रश्न मला योग्य वाटतो. एकाची भाषा चढत जाते ती दुसऱ्याची भाषा दबून राहते म्हणून. आक्रमक माणसाचे बोलणे अभ्यासताना ऐकणाऱ्याचे मौनही अभ्यासले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. संमेलनांत तळीरामाचे प्रवेश हमखास होतात आणि हशा पिकतो. कोटीबाज तळीराम हसविण्यासाठीच आहे. पण ज्या विनोदाने आपण हसतो, त्याच विनोदाने सुधाकराचा पहिला संकोच गेला, हे विसरू नये. 'ऑथेल्लो'चे देवलांनी 'झुंझारराव' केले, त्यातही नायकाच्या मनात संशय पेरणारा गोड बोलूनच पेरतो.

आपल्या काचीगुड्यात एका भिंतीआड मराठी, दुसऱ्या भिंतीआड कन्नड, गल्लीत तेलुगू आणि दख्खनी. शेजारी भांडण लागले तर शब्द कळोत न कळोत, आवाजाची धार कळतेच. मराठी-कन्नड विद्यार्थ्यांनी आपापल्या रंगभूमीवरील एक संतप्त पात्र निवडून एवढेच तपासावे: तो कोणावर ओरडतो, आणि ज्याने दुखावले त्याच्यापुढे तो कसा बोलतो? या दोहोंतील अंतर मोजले की त्या पात्राची शोकांतिका हाती येईल. मग तोच प्रश्न आपल्या घरातील बोलण्यालाही विचारून पाहावा.